आई-वडिलांनंतर कुठे? घर, छोटं निवास आणि मोठी संस्था

ज्याला हाताने घास घेता येत नाही, कूस बदलता येत नाही, कुठे दुखतंय ते सांगता येत नाही, अशा तीव्र अपंगत्व असलेल्या माणसाची कायमची सोय बघताना आपण आधी इमारत बघतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी जेवण भरवताना बघा. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या व्यक्तींच्या मृत्यूचं मोठं कारण आहे. घाईने भरवणारा हात कुठल्याही व्यवस्थेत धोकादायकच.

घराची ताकद म्हणजे ओळख. आकडी येण्याआधी चेहरा कसा बदलतो, हे आईला दिसतं. पण उचलणारे हात म्हातारे होतात. पालक गेल्यावर रातोरात हलवावं लागणं हा सगळ्यात वाईट शेवट. बाहेरचा मदतनीस नेमाने येत असेल, तरच घर वर्षानुवर्षं टिकतं. स्वीडनमध्ये 1994 पासून वैयक्तिक सहायक मिळणं हा कायद्याने हक्क आहे.

मोठ्या संस्थेत परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट एका छताखाली मिळू शकतात. रात्री-बेरात्री आकडी येणाऱ्यांसाठी ही सोय लहान नाही. तोटा असा, की पाळी बदलते, माणसं बदलतात आणि ओळख कुणाकडेच राहत नाही. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक या बौद्धिक अपंगांच्या मोठ्या संस्थेतली दुर्दशा 1972 मध्ये टीव्हीवर दिसली. ती संस्था 1987 मध्ये बंद झाली.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातली पेनहर्स्ट ही तशीच संस्थाही बंद झाली. तिथून छोट्या घरांत गेलेल्यांचा संशोधकांनी काही वर्षं मागोवा घेतला. स्वतःचं स्वतः करण्याची क्षमता वाढलेली दिसली. स्थलांतराला विरोध करणाऱ्या कित्येक कुटुंबांचं मतही नंतर बदललं. म्हणून माझा कल छोट्या निवासाकडे आहे, पण डोळे मिटून नाही. दक्षिण आफ्रिकेत 2016 च्या सुमारास लाइफ एसिडिमेनी या मानसिक आरोग्य संस्थेतल्या रुग्णांना तयारी नसलेल्या ठिकाणी घाईने हलवलं आणि 144 जण दगावले. खर्च वाचवणं हे त्या निर्णयामागचं सांगितलेलं कारण होतं. कॅलिफोर्नियातही संस्थेबाहेर मृत्यूचं प्रमाण जास्त असल्याचे निष्कर्ष आले होते. इतर संशोधकांनी त्यांना आव्हान दिलं, तो वाद बराच रंगला.

चार-सहा जणांच्या दोन घरांतही जमीन-अस्मानाचा फरक असतो. एका घरात कर्मचारी सगळं करून टाकतो. दुसऱ्या घरात तो चमच्यावर त्या व्यक्तीचा हात ठेवून आपला हात त्यावर धरतो. वेळ लागतो, पण ती व्यक्ती दिवसभर नुसती पडून राहत नाही.

भेटीला गेलात की विचारा: इथला सर्वांत जुना कर्मचारी किती वर्षं इथे काम करतोय? बद्धकोष्ठतेची नोंद रोज होते का? खुर्चीतली बसण्याची ढब कोण तपासतं? सांधे आखडणं आणि कणा वाकणं हळूहळू होतं, उशिरा कळतं. रात्री ठसका लागला तर कोण उठतं?

निर्णय पालक धडधाकट असतानाच घ्या. आधी एक-दोन रात्री, मग आठवडा, असं वाढवत न्या. त्या दिवसांत नवा माणूस भरवेल, तेव्हा आईने शेजारी बसावं.