मायक्रोसॉफ्ट टू डू: एकट्याच्या कामांपुरतं उत्तम
ऑफिसातली स्वतःची कामं लक्षात ठेवायला हे फुकटचं अ‍ॅप पुरतं. खरी गंमत ‘माय डे’मध्ये, म्हणजे आजच्या कामांच्या यादीत. ही यादी रोज मध्यरात्री कोरी होते. पण राहिलेलं काम पुसलं जात नाही, मूळ यादीत तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी सुचवलेल्या कामांमध्ये दिसतं. म्हणून सकाळी पाच-सहा कामंच उचलायची. वीस कोंबली की यादी उघडणंच बंद होतं! आउटलुकमध्ये मेलला फ्लॅग लावला की तो इथे काम म्हणून येतो, मात्र फ्लॅग केलेल्या मेलची यादी सेटिंगमध्ये चालू हवी.

अडतं ते ‘स्टेप्स’पाशी, म्हणजे एका कामाच्या आतल्या टप्प्यांपाशी. टप्प्याला स्वतंत्र तारीख देता येत नाही. कोटेशन सोमवारी, मंजुरी गुरुवारी असेल तर सरळ दोन कामं टाका. टीमसाठी ट्रेलो अ‍ॅपसारखा, सगळ्यांची कामं एकत्र दिसणारा बोर्डच बरा.