मृत समुद्राचं मीठ आणि सासूबाईंचं घंगाळ

कोपरांवर आणि पावलांवर सोरायसिस आहे, म्हणजे खपल्या धरणारे लाल चट्टे, अकरा वर्षं झाली. काळ्या ब्लाउजच्या बाहीवर पांढरा भुसा पडतो आणि बँकेच्या काउंटरवर बसल्या बसल्या मी तो झटकत असते. इंदुरात थंडी सुरू झाली की टाचाही चिरतात. म्हणून ह्यांनी ऑनलाइन मृत समुद्राच्या (इस्राएल-जॉर्डनमधलं ते अतिखारट सरोवर) मिठाची एक किलोची पिशवी मागवली. साडेसहाशे रुपये.

पिशवीवर लिहिलंय, टबभर कोमट पाण्यात मूठभर टाका आणि वीस मिनिटं बसा. टब? आमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. मी टब भरून बसले तर घरच्यांनी तोंड कशानं धुवायचं? शेवटी सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ काढलं. दोन दिवसांत आतून हिरवट डाग! "पाय बरे होतील तेव्हा होतील, माझं घंगाळ मात्र गेलं," इति सासूबाई. चिंचेनं घासघासून एकदाचं निघालं. तेव्हापासून कपडे भिजवायचा प्लास्टिकचा टब.

आणि मूठभर मिठानं काही होत नाही. कोरड्या त्वचेवरच्या एका प्रयोगात 5 टक्के मिठाच्या पाण्यात 15 मिनिटं हात बुडवले होते, असं वाचलं. म्हणजे पाच लिटरला पाव किलो. चार वेळांत पिशवी खलास! हे मीठ जिभेवर ठेवलं तर खारट कमी, कडू जास्त लागतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर. मेडिकलमधलं स्वस्त एप्सम सॉल्ट हे नव्हे, ते मॅग्नेशियम सल्फेट.

पहिल्या दिवशी चिरांत असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. पण पाय बाहेर काढले तर खपल्या भिजल्या पापडासारख्या मऊ. त्या ओढायच्या नाहीत हं, खरवडलं की तिथेच नवीन चट्टा उठतो. टॉवेलनं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच मलम लावायचं. आधी मलम खपलीवरच बसून राहायचं, आता आत मुरतं. खाज निम्म्यानं कमी. लाली आहे तशीच.

पिशवीवरचं "मुळापासून बरा" मात्र निव्वळ थाप. जी कातडी महिन्याभरात बदलायची ती माझी तीन-चार दिवसांत बदलते, आणि हा गोंधळ शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचा आहे. पाय भिजवून तो कसा थांबेल? मृत समुद्राकाठी लोक चार-चार आठवडे राहून येतात, ते खरं. पण ती जागा समुद्रसपाटीखाली सव्वाचारशे मीटरांहून जास्त. तिथे हवेचा थर जाड, त्यामुळे भाजणारे किरण गाळले जातात आणि माणसं रोज उन्हात पडू शकतात. चट्ट्यांना गुण येतो तो त्या उन्हाचाही. पिशवीतून मीठ येतं, ऊन कुठून येणार? माझे त्वचारोगतज्ज्ञ त्यासाठी 311 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांच्या दिव्याखाली उभं करतात, तो खर्च वेगळा.

दुसरी पिशवी लॅव्हेंडरच्या वासाची निघाली. रात्रभर खाज. विकणाऱ्यांनी परत घेतली नाही, म्हणे उघडलेली आहे. न उघडता वास कसा कळणार, हे त्यांनीच सांगावं. बिनवासाचीच घ्या.

सध्या ज्या दिवशी नळ येतात त्या दिवशी पाय बुडवते. उरलेलं पाणी मोरीतच ओता. वाया कशाला घालवायचं म्हणून मी ते कुंडीत ओतत होते, आमची तुळस गेली. सासूबाई अजून कडक उन्हालाच बोल लावतायत.