बागेतला कुत्रा गेल्यावर: पिल्लू आणावं की मोठा कुत्रा?

वाफ्याला पाणी घालताना पायात घुटमळणारं कुणी नसलं की बाग ओकीबोकी वाटते. पुन्हा कुत्रा आणायचं ठरलं, तर मोकळी जागा आणि झाडं असलेल्या घरात पिल्लू आणि मोठा कुत्रा यांत बराच फरक पडतो.

आधी पाहायचं ते आधीचा कुत्रा कशाने गेला हे. पार्व्होने (कुत्र्यांना उलट्या-जुलाब होणारा विषाणूचा संसर्गजन्य आजार) गेला असेल तर त्या आवारात वर्षभर तरी पिल्लू आणू नका. हा विषाणू मातीत, विशेषतः सावलीतल्या ओलसर मातीत, वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकतो. फरशी, भांडी, पिंजरा आधी घासून धुवा. मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ३० भाग पाणी असं मिश्रण १० मिनिटं ठेवलं की तिथला विषाणू मरतो. मातीवर मात्र हा उपाय चालत नाही, कारण सेंद्रिय पदार्थांत ब्लीच निकामी होतं. पिल्लाच्या लशी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होऊन किमान १६ आठवड्यांपर्यंत चालतात आणि मधल्या काळात संरक्षण अर्धवट असतं. लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणायला मात्र फारशी अडचण नाही. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू उघड्यावर फार काळ तग धरत नाही, त्यामुळे तिथे एवढं थांबावं लागत नाही.

आता बागेचं. दुधाचे दात पडून कायमचे येईपर्यंत, म्हणजे साधारण ४ ते ७ महिन्यांच्या वयात, पिल्लू हाती लागेल ते चावतं. सर्वात आधी ठिबकच्या नळ्या जातात, मग कोवळ्या रोपांचे शेंडे. नळ्या मातीखाली ५ ते ७ सेंटिमीटर गाडा आणि नवी लागवड त्या काळात टाळा. कण्हेर, सायकस (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड) आणि एरंड पिल्लाच्या आवाक्यात अजिबात नको. या तिन्ही झाडांनी जीव जातो. खतांकडेही लक्ष हवं. एरंडीची पेंड कुत्र्यांना खाऊसारखी लागते, पण तिच्यात विषारी रायसिन असू शकतं. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी काही तासांत झटके येतात. अशी वस्तू पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

मोठा कुत्रा सहसा नळ्या चावत बसत नाही. त्याची कटकट कुंपणाशी असते. पहिले काही आठवडे त्याला हे घर आपलं वाटत नाही आणि तो वाट शोधतो. जाळी ५ ते ६ फूट उंच हवी. खालून उकरून पळू नये म्हणून जाळीचा दीड ते दोन फुटांचा पट्टा आतल्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून मातीत दाबा. पिल्लासाठी एवढी उंची लागत नाही, तिथे फाटकाखालची फट बुजवणं जास्त महत्त्वाचं. कुत्रा लहान असो वा मोठा, कुंपणालगत फिरून पायवाट पाडतोच. तिथे २ ते ३ फुटांची पट्टी रिकामी सोडा, झाडं लावून त्याच्याशी भांडू नका.

कोंबड्या किंवा शेळ्या असतील तर पिल्लाचं पारडं जड आहे. ३ ते १४ आठवड्यांच्या वयात जे दिसतं, ते त्याला पुढेही सहसा ओळखीचं वाटतं. मोठ्या कुत्र्याला शिकारीची सवय लागली असेल तर ती पूर्णपणे सुटेल असं धरून चालू नये. आणण्याआधीच त्याला पट्ट्यावर धरून कोंबड्यांसमोर न्या आणि बघा. घरात दुसरा म्हातारा कुत्रा असेल, तर पिल्लाची सततची झोंबाझोंबी त्याला सोसत नाही. अशा घरात भिन्नलिंगी, शांत, मोठा जोडीदार बरा. पहिली भेट आवाराबाहेर, दोघांना समांतर चालवत करा आणि वाट्या वेगवेगळ्या जागी ठेवा.

आमचा कल असा: जुनी, लागती बाग असेल आणि दिवसभर घरी कुणी नसेल, तर २ ते ४ वर्षांचा कुत्रा आणा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावंच लागतं. पिल्लूच हवं असेल, तर गेलेल्या कुत्र्याचं पहिलं वर्ष आठवा. वाफ्याच्या कडेने चालणारा तो समंजस म्हातारा दहा वर्षांच्या शिकवणीने घडला होता. पिल्लाला त्याच्याशी ताडून पाहिलं तर दोघांवरही अन्याय होतो. नाव आणि रंगही वेगळा असलेला बरा.

गेलेल्याला बागेतच पुरलं असेल, तर नवा कुत्रा येण्याआधी ती जागा बघून घ्या. वर किमान तीन फूट माती हवी. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन कायमचं शांत केलं असेल तर ते औषध शरीरात दीर्घकाळ टिकतं आणि उकरून खाणाऱ्याला विषबाधा होते. माती दाबून वर सपाट दगड मांडा. तिथे झाड लावताना आळ्यात हाडांचा चुरा घालू नका, वासाने नवा कुत्रा नेमकं तिथेच उकरेल. माती पुरती बसेपर्यंत वर जाळी असू द्या.