अहिल्यादेवी जयंतीची माळवी थाळी: बाफल्याला उकळी हवी होती

गेल्या ३१ मे रोजी जुळे सोलापुरातील एका शाकाहारी भोजनालयाने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जयंतीनिमित्त एका दिवसापुरती ‘शाही माळवी थाळी’ ठेवली होती. एरवी जयंती म्हटली की आपल्याकडे मिरवणूक, व्याख्यान आणि प्रसादाची बुंदी एवढ्यावर भागते. त्यामुळे त्या व्यक्तीच्या कर्मभूमीचे जेवण कोणी रांधून वाढावे, ही कल्पना मला आवडली आणि भर उन्हात, दुपारी साडेबाराला, आम्ही उभयता तिथे जाऊन बसलो. थाळीचा दर २८० रुपये होता. पंखे फिरत होते, पाणी माठातले होते आणि वाढपी मंडळी आग्रहाने वाढत होती, एवढे सांगून मी मुख्य पदार्थाकडे वळतो.

थाळीचा मान दाल-बाफल्याचा होता. नोकरीनिमित्त इंदुरात चार वर्षे काढल्यामुळे या पदार्थाबाबत मी थोडा हट्टी आहे, हे आधीच कबूल करतो. रवाळ कणकेत थोडे मक्याचे पीठ, ओवा, हळद आणि तुपाचे मोहन घालून घट्ट गोळे वळतात, ते उकळत्या पाण्यात सोडतात, वर तरंगू लागले की काढून निथळतात आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. ही उकळी हाच बाफल्याचा प्राण आहे, कारण तिच्यामुळे आतला भाग मऊ राहतो आणि फोडल्यावर तूप थेट गाभ्यापर्यंत मुरते. उकळी गाळली तर उरते ती बाटी. इथे नेमके तेच झाले होते. माझ्या पानातला गोळा अंगठ्याने फुटेना, म्हणून वाटीच्या काठावर आपटून फोडला, तेव्हा आतून कोरडा भुगा निघाला आणि वर ओतलेले तूप कडेने ओघळून ताटात साचले. मालकांना विचारले, तेव्हा त्यांनी मोकळेपणाने सांगितले, “साहेब, गर्दी एवढी झाली की उकळायला वेळच मिळाला नाही, तंदुरातच लावले.” कारण खरे असेल, पण मग पाटीवर बाटी लिहायला हवे होते. तुरीचे वरण मात्र उत्तम होते, आणि हिंगाची फोडणी इतकी नेमकी की तो कोरडा भुगाही त्यात कालवून संपवता आला.

भुट्ट्याचा कीस ही माळव्यातली पावसाळ्याची चीज. कोवळी कणसे किसून ती तुपावर परतून दुधात शिजवायची असतात, आणि मे महिन्यात ती गावठी कणसे मिळत नाहीत. भोजनालयाने साठवणीतला गोड मका वापरला आणि पदार्थ शिऱ्यासारखा गोडमिट्ट झाला. जयंती मे अखेरीस येते हे काही आयत्या वेळी कळत नाही; त्याऐवजी दुसरे काही योजता आले असते.

अहिल्यादेवींचा जन्म १७२५ सालचा, जामखेड तालुक्यातील चौंडीचा. म्हणजे माहेर आपल्याच बाजूचे. मालकांनी हे ध्यानात ठेवून ताटाची डावी बाजू इकडच्या जेवणाला दिली होती आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले. ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी मोडत होती, शेंगाचटणीला उखळात कुटल्याचे तेल सुटलेले होते, आणि सोबत लहान वाटीत हुलग्याचे माडगे होते. हुलगे भाजून दळलेले पीठ, गूळ, सुंठ, चिमूटभर मीठ आणि गुठळी न होऊ देण्याची चिकाटी, एवढाच त्याचा पसारा; पण इतके तलम माडगे मी बऱ्याच वर्षांत प्यायलो नव्हतो. (हुलगा उष्ण असतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तो पिण्याला धाडस लागते, ही गोष्ट वेगळी.)

ताटाखाली अंथरलेल्या छापील कागदाविषयी लिहिणे भाग आहे. त्यावर काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद आणि पंढरपूरचा होळकर वाडा यांची चित्रे होती आणि कडेने महेश्वरी साडीच्या काठाची नक्षी होती. विणकरांच्या या गावात ती नक्षी अनेकांनी कौतुकाने निरखली. मजकूर मात्र निष्काळजी होता. अहिल्यादेवींचे पती खंडेराव होळकर पानिपतावर पडले, असे त्यात छापले होते. वास्तविक ते १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले आणि पानिपतचे युद्ध त्यानंतर सात वर्षांनी, १७६१ साली झाले. बाफला हा ‘देवींचा आवडता पदार्थ’ असल्याचेही लिहिले होते. त्याला आधार काय, असे विचारल्यावर मालक हसून म्हणाले, “लोकांना असं लिहिलेलं बरं वाटतं हो.” हे लिहिण्याची काहीच गरज नव्हती. माळव्यात ज्यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवले, त्यांच्या नावाने माळव्याचे जेवण वाढण्यास एवढे नाते पुरेसे आहे. ‘शाही’ हे विशेषण आणि त्यापायी घुसडलेली काजूकरी तर मला अगदी विजोड वाटली. ज्यांची ख्याती साध्या राहणीची आणि गावोगावच्या अन्नछत्रांची, त्यांच्या जयंतीच्या ताटात माडग्याची वाटीच अधिक शोभते.

निघताना घरच्यांसाठी माडगे आणि कडक भाकरी बांधून घेतली. बाफले नको म्हणून सांगितले, तरी वाढप्याने “राहू द्या की काका, जयंतीचं आहे” म्हणत दोन पिशवीत टाकलेच. संध्याकाळी ते कुस्करून, तूप-गूळ घालून लाडू वळले, आणि ते चांगले झाले. पुढच्या वर्षी थाळी पुन्हा ठेवणार असल्याचे मालकांनी सांगितले आहे. तेव्हा आदल्या दिवशी दूरध्वनी करून बाफले उकळणार का, एवढे विचारीन आणि होकार आला तरच दोन पाने राखून ठेवायला सांगेन. माडग्यासाठी मात्र विचारण्याची गरज नाही.