वर्ट चिलरसाठी नळी: तांबं की स्टील?

घरी बिअर करताना उकळलेलं वर्ट (माल्टचं गोड पाणी) भराभर निववायला चिलर लागतो, म्हणजे पातेल्यात बुडवायची नळीची कॉइल, जिच्यातून नळाचं गार पाणी फिरतं. पाच गॅलनच्या बॅचसाठी तो घरीच करायचं ठरलं की चहूकडून एकच सल्ला येतो: तांबं घ्या. मीही तो मानला. इथे ऑस्टिनच्या गॅरेजमध्ये पाच वर्षं तांब्याच्या कॉइलवर बिअर केली, आणि गेली तीन वर्षं स्टीलच्या कॉइलवर करतोय. दोन्ही हाताळून झाल्या आहेत म्हणून लिहितो. (अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने १९७९पासून घरगुती बिअरला मुभा आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे ती परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा हे बाहेर राहणाऱ्यांसाठीच.)

तांब्याची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. नरम तांब्याची पन्नास फूट नळी मी कॉर्नी केगभोवती (बिअर साठवायची उभी गोल टाकी) एका संध्याकाळी एकट्याने गुंडाळली. जिथे वळवाल तिथे ती राहते. वरच्या दोन टोकांना, पातेल्याच्या काठावरून बाहेर काढताना, जो एकदम काटकोन लागतो तिथे मात्र ती चेपते. तेवढ्यापुरती बाहेरून चढवायची स्प्रिंग वापरा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मापाचीही एक खोच आहे. प्लंबिंगच्या तांब्याचं माप नावापुरतं असतं: तिथली ३/८ इंची नळी बाहेरून मोजली की १/२ इंच भरते. फ्रिज-एसीच्या कामाची नळी मात्र बाहेरच्या व्यासानेच विकतात. मी नळी एका रांगेतून उचलली आणि फिटिंग दुसऱ्या रांगेतून, आणि एक शनिवार हकनाक गेला.

स्टीलची नळी घरी गुंडाळायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. केगभोवती ओढून बसवली आणि हात सोडला की ती उसळून उघडते, आणि दोनतीनदा उलटसुलट वाकवली की अधिकच ताठ होते. मी शेवटी पन्नास फुटांची तयार वेटोळी आणली आणि होज व क्लॅम्प तेवढे स्वतः बसवले. म्हणजे ‘घरी केलेला चिलर’ हा अभिमान थोडा कमी होतो, हे मान्य. जोड दोन्ही धातूंत पातेल्याच्या काठाबाहेरच असू द्या. नळाच्या पाण्याचा एक थेंबही निवलेल्या वर्टमध्ये पडायला नको. अल्युमिनियमचा विचार मी फार केला नाही. स्वस्त आहे, मऊ आहे, पण आपण भांडी धुवायला जी अल्कलीयुक्त पावडर वापरतो ती त्याला खाते.

आता वेगाचं. तांबं उष्णता वाहून नेण्यात स्टीलच्या जवळजवळ पंचवीसपट सरस. आकडा खरा आहे, पण तो फक्त नळीच्या भिंतीचा आहे, आणि ती भिंत एक मिलिमीटरहून पातळ असते. खरा अडथळा असतो नळीला बाहेरून चिकटून राहणाऱ्या वर्टच्या थराचा, आणि आतून चिकटणाऱ्या पाण्याच्या थराचा. वर्ट स्थिर ठेवलं तर तांब्याची कॉइलसुद्धा रेंगाळते, नुसत्या चमच्याने ढवळत राहिलात तर दोन्ही कॉइल चटकन कामाला लागतात. माझ्या गॅरेजात उकळीपासून चाळीस अंशांपर्यंत यायला स्टीलला तीनचार मिनिटं जास्त लागतात. हे काही प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे. नळाचं पाणी दर महिन्याला वेगळं, ढवळणारा हातही कधी थकलेला. पण डीएमएसचा (शिजलेल्या मक्यासारखा वास आणणारं गंधकाचं संयुग) आणि हॉप्सच्या (बिअरला कडू चव देणारी फुलं) वाढत्या कडूपणाचा प्रश्न मुख्यतः ८० अंशांच्या वर असतो, आणि तो टप्पा दोघीही भराभर उतरतात.

मग मी तांबं का सोडलं? कळकण्यामुळे.

आमच्या सांगलीच्या घरी तांब्या-पितळेची भांडी होती. कल्हईवाला दारात बसला की नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा, आणि भांड्याच्या आतून कथलाची रुपेरी झाक फिरायची. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की आई ते ओतून द्यायची, कळकलं म्हणून. उकळलेल्या वर्टचा पीएच पाचाच्या जरा वर असतो. ताकाइतकं ते आंबट नाही, पण तांब्यावरची काळी पुटं सोडवण्याइतकं नक्की आहे. पहिल्याच बॅचला हे दिसलं. कॉइल आत टाकली तेव्हा तपकिरी होती, बाहेर काढली तेव्हा लख्ख गुलाबी. ती पुटं गेली कुठे, तर माझ्या बिअरमध्ये.

यात घाबरण्यासारखं काही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. युरोपातल्या ब्रुअरींनी शतकानुशतकं तांब्याच्या कढयांत वर्ट उकळलं. यीस्टला थोडं तांबं लागतंच, आणि वास मारणारी गंधकाची संयुगं तांबं बांधून टाकतं तो फायदा वेगळा. हिरवा कळक मात्र आत जाता कामा नये. शिवाय तांबं ऑक्सिडेशनला हातभार लावतं. माझ्या हॉप्सवाल्या फिकट बिअरी आता जास्त दिवस ताज्या लागतात असं मला वाटतं, पण त्याच काळात मी बाटल्या सोडून केग वापरू लागलो, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावं ते ठरवणं अवघड आहे.

मला खरा जाच झाला तो घासण्याचा. महिन्यातून एकदा बिअर करणाऱ्याची कॉइल मधले तीस दिवस दमट गॅरेजात लटकते. दर खेपेला आधी चिंच-मीठ, नाहीतर व्हिनेगर. सपाट तांब्या घासणं दोन मिनिटांचं काम, पण पन्नास फुटांच्या वेटोळ्यांच्या फटींत बोट जात नाही, आणि हिरवं नेमकं तिथेच धरतं. ब्रश आत घालायला वेटोळी फाकवली की कॉइलचा आकार बिघडतो. धान्य दळायच्या आधीच माझा अर्धा तास यात जायचा. स्टीलच्या वाट्याची तीनचार मिनिटं त्यापुढे मला काहीच वाटत नाहीत. ती कॉइल मी पाण्याखाली धुतो, झटकतो, टांगतो, आणि पुढच्या वेळी उकळीची शेवटची पंधरा मिनिटं थेट पातेल्यात सोडतो. ब्लीच तेवढं तिला लावू नका, क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

तुम्ही दर आठवड्याला बिअर करत असाल, किंवा नळी स्वतः वळवण्यातच तुमचा निम्मा आनंद असेल, तर तांबं घ्या, पस्तावणार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी करणाऱ्याला मी स्टीलच सुचवेन.

माझी जुनी तांब्याची कॉइल मी टाकलेली नाही. ऑगस्टमध्ये इथल्या नळाचं पाणीच तीस अंशांच्या आसपास असतं, तेव्हा कुठलाही धातू वर्टला वीस अंशांवर आणू शकत नाही. म्हणून वर्ट चाळीसवर आलं की ती कॉइल बर्फाच्या बादलीत बुडवतो. नळाचं पाणी आधी तिच्यातून जातं आणि मग पातेल्यातल्या स्टीलमध्ये. तिथे वर्टशी तिचा संबंध येत नाही, त्यामुळे ती हिरवी झाली तरी मी घासत नाही.