सायकलची पॅडेड बॅग, आठ महिन्यांनंतर: परीक्षा विमानात नाही, विमानतळावर

विमानाने सायकल न्यायच्या या मऊ पॅडेड बॅगांची जाहिरात फोमच्या जाडीवर होते. आठ महिने आशियातल्या फेऱ्यांवर वापरल्यानंतर मत असं की फोम कुठल्याही बऱ्या बॅगेत पुरेसा असतो. बॅग सोय आहे की डोकेदुखी, हे ठरतं टॅक्सीतून उतरल्यापासून काउंटरवर देईपर्यंत आणि पलीकडे पुन्हा हातात पडेपर्यंत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच साच्यातल्या बॅगा बऱ्याच नावांनी विकल्या जातात.

आधी मापं. बाहेरून १३६ × ८० × ३० सेंमी, रिकामं वजन साडेआठ किलो. तिन्ही मापांची बेरीज २४६ होते. नेहमीच्या चेक-इन बॅगेची मर्यादा बहुतेक कंपन्यांकडे १५८ सेंमी असते, त्यामुळे पूर्ण आकाराची सायकल त्यात बसण्याचा प्रश्नच नाही. ती क्रीडासाहित्य म्हणून तिकिटासोबतच नोंदवायची. वजनाचा हिशेब मात्र टळत नाही. २३ किलोच्या मर्यादेतले साडेआठ बॅगेनेच खाल्ले की उरतात साडेचौदा. दहा किलोच्या रोड बाइकबरोबर हेल्मेट, बूट, हत्यारं आरामात जातात. कॅरिअर आणि मडगार्ड लावलेली स्टीलची टूरिंग सायकल एकटीच चौदा-पंधरा भरते, तिच्यासाठी ही बॅग नाही.

आता मुख्य मुद्दा, थांबण्याचा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर बॅग सहसा थेट शेवटच्या मुक्कामाला जाते, मधले तास मोकळ्या हाताने काढता येतात. दोन वेगळी तिकिटं काढून पैसे वाचवले की चित्र पालटतं: मधल्या देशात इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं (म्हणजे तिथल्या प्रवेशाचे नियम आधी बघायचे), बॅग घ्यायची, पुन्हा चेक-इन करायची. पुढच्या विमानाचा काउंटर साधारण तीन तास आधी उघडतो. नऊ तासांचा थांबा असेल तर पाच-सहा तास ही बॅग गळ्यात. बॅंकॉकच्या सुवर्णभूमीला आगमन दुसऱ्या मजल्यावर, प्रस्थान चौथ्यावर. बॅग लिफ्टनेच न्यावी लागते. क्वालालंपूरला टर्मिनल १ आणि २ वेगवेगळ्या इमारतींत आहेत, मध्ये ट्रेन. तीन मिनिटांचाच प्रवास, पण बॅगेसकट फलाट, दार, पुन्हा लिफ्ट.

इथे बॅगेची चाकं बोलतात. हिला मागे दोनच चाकं आहेत, पुढचं टोक पट्ट्याने उचलून ओढायचं. गुळगुळीत फरशीवर एका हाताने चालते. गालिचावर जड होते. वळणावर पुढचं टोक लोकांच्या पोटऱ्यांना लागतं. उभी करून सोडली तर हमखास कलंडते, तीही नेमकी डिरेलरच्या (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बाजूला. ट्रॉलीवर आडवी टाकली तर दोन्हीकडे इतकी बाहेर येते की दारात अडते. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे ट्रॉलीवर लांबीच्या दिशेने उभी ठेवून हँडलला पट्ट्याने बांधणे. दीड मीटरचा एक साधा पट्टा बॅगेच्या बाहेरच्या खिशात कायम असावा. एकट्याने प्रवास असेल तर स्वच्छतागृहाचा विचार आधी करा. बॅग बेवारस सोडता येत नाही आणि ती घेऊन आत शिरता येत नाही. सामान ठेवायची सेवा असेल तर तिथे पैसे मोजणं परवडतं.

(सुवर्णभूमीच्या भोवती २३.५ किमीचा फक्त सायकलींसाठीचा ट्रॅक आहे. बॅगेत घडी घातलेली सायकल घेऊन त्याच्या शेजारी ताटकळत बसणं, यासारखा विनोद नाही.)

मोठ्या सामानाचा एक्स-रे वेगळ्या खिडकीवर होतो आणि बॅग बऱ्याचदा उघडली जाते, कधी आपल्यासमोर, कधी पाठीमागे. उघडणारा माणूस ती आपल्यासारखी भरणार नाही हे गृहीत धरा. पेडल, थ्रू-ॲक्सल (चाकाचा आरपार जाणारा आस), बोल्ट असं सुटं सगळं एका झिपच्या पाऊचमध्ये आणि तो पाऊच फ्रेमला बांधलेला. भरलेल्या बॅगेचा फोटो छापून झाकणाच्या आत चिकटवला की सामान पुन्हा जागेवर बसण्याची शक्यता वाढते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, १०० वॉट-अवरच्या आतल्या. वायरलेस गिअरच्या बॅटऱ्याही काढून केबिनच्याच सामानात. टायर भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या घरीच ठेवा: कंपनीच्या परवानगीवाचून चालत नाहीत आणि काउंटरवरचा वाद पंपाच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

भरण्याबद्दल, फक्त जिथे चुका होतात तेवढंच. साखळी पुढे मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळची दातेरी चकती) आणा. बॅग खालून आपटली तर दात साखळीखाली झाकलेले राहतात. मागचा डिरेलर ५ मिमी ॲलन कीने हँगरवरून (तो फ्रेमला धरणारा छोटा तुकडा) सोडवा, फडक्यात गुंडाळा, चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) आतल्या बाजूला बांधा. ‘फोम आहे की’ म्हणून तो तसाच ठेवला तर हँगर वाकतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेतल्या दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून एक जादा जवळ हवा. फोर्क आणि मागच्या ड्रॉपआउटमध्ये (चाक बसतं त्या खाचांत) प्लॅस्टिकचे स्पेसर, हायड्रॉलिक ब्रेकच्या कॅलिपरमध्ये दोन पॅडच्या मध्ये, रोटरच्या (डिस्क ब्रेकची चकती) जागी तुकडा. नाहीतर लीव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. या बॅगेत चाकांचे खिसे बाहेरच्या बाजूला आहेत आणि हीच तिची सर्वात मोठी उणीव. रोटर लावलेले ठेवले तर वाकणारच. सहा बोल्टचे रोटर टी-२५ किल्लीने पाच मिनिटांत निघतात, सेंटरलॉकला (एकाच मोठ्या रिंगने बसणारा रोटर) मोठा पाना लागतो.

टायरमधली हवा पूर्ण काढा, असं काउंटरवर सांगतात. सामानाचा कप्पाही केबिनसारखाच दाबाखाली असतो. टायरमधला फरक फार तर ३-४ पीएसआय पडतो. वाद न घालता कमी करा, पण ट्यूबलेस असेल तर २०-२५ पीएसआय राहू द्या. बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) सुटला तर छोट्या हातपंपाने तो परत बसवणं म्हणजे हाल, आणि सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) बॅगभर.

उतरल्यावर मोठं सामान नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही, बाजूच्या दारातून येतं, तेही बहुधा शेवटी. कॉइन सेलचा ट्रॅकर आत टाकला तर निदान बॅग याच शहरात आहे का ते कळतं. कस्टम्स ओलांडण्यापूर्वी झिप उघडून फोर्क, हँगर, रोटर बघा. मोडतोड दिसली तर तिथेच नोंद करून कागद घ्या. विमानप्रवासाच्या मॉंट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. जोडताना स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन-मीटर आणि डावं पेडल उलट्या आट्याचं, हे झोपेअभावी विसरायला होतं. ब्रेकचा लीव्हर मऊ लागला तर सायकल सरळ उभी करून काही वेळा हळू दाबा, बहुतेकदा ताळ्यावर येतो.

आठ महिन्यांत झालेली झीज: एका चाकाचं रबर तडकलं, कोपऱ्यातली झिप ताणली गेली (क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आडवा न ठेवल्याचा परिणाम), एक बकल तुटलं. कापड शाबूत आहे. पावसाळ्यात धावपट्टीवर भिजली तर पाणी झिपमधून आत जातं आणि फोम ते दिवसभर धरून ठेवतो, तेव्हा हॉटेलवर पोचताच उघडून वाळवा आणि साखळीला तेल द्या.

तैवानच्या फेरीसारख्या गोल मार्गाला ही बॅग उत्तम, पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलात ठेवून निघता येतं. जपानमध्ये जेआर रेल्वेच्या गाड्यांत सायकल पूर्ण बॅगेत असावी लागते, मर्यादा तिन्ही मापं मिळून २५० सेंमी आणि ३० किलो. कागदावर बसते, गर्दीच्या डब्यात नको होते. हनोईहून निघून सायगॉनला संपणाऱ्या एकमार्गी दौऱ्यासाठी सायकलच्या दुकानातून मागून आणलेला पुठ्ठ्याचा खोका बरा, पोचल्यावर टाकून देता येतो.