ट्रायला ५ पैकी ३ स्टार, एका रिचार्जवाल्याकडून

मागच्या महिन्यात दुपारी अडीचच्या सुमाराला, स्टँडवर चिटपाखरू नसतं त्या वेळेला, आमचे गुरुजी घामाघूम होऊन दुकानात आले. मला चौथीला होते, रिटायर होऊनच वीस वर्षं झाली. फोन चालूच, त्यावर हात ठेवून हळू आवाजात मला म्हणतात, "अरे ट्रायमधून फोन आलाय, माझ्या आधारवर कुणीतरी सिम काढलंय म्हणे, दोन तासात सगळे नंबर बंद करणार, नऊ दाबा म्हणतोय, दाबू का?" मी फोन घेतला नि कट केला. म्हटलं गुरुजी, ट्राय कुणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही, मेसेज पण करत नाही, त्यांनी स्वतःच किती वेळा जाहीर केलंय, हे सगळे चोर आहेत. गुरुजी खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि मग शाळेतल्यासारखं विचारलं, "मग ही खरी ट्राय करते काय?"

आता २००६ पासून रिचार्ज-सिम-कव्हर-चार्जर असं दुकान आहे माझं, सगळे नियम येतात ते याच काउंटरवर येऊन आदळतात, तरी मला दोन वाक्यात सांगता येईना. हॉटेलचे, मिक्सरचे रिव्ह्यू लोक लिहितात तर म्हटलं आपण ट्रायचा लिहू.

आधी वस्तू काय आहे ते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, १९९७ च्या कायद्याने आलं, त्याच वर्षी २० फेब्रुवारीला चालू झालं. ऑफिस दिल्लीत. एक अध्यक्ष, दोन पूर्णवेळ आणि दोन अर्धवेळ सदस्य, यापेक्षा जास्त नाही. मोबाईल, लँडलाइन, नेट आणि २००४ पासून केबल-डिश पण यांच्याकडेच. पण मेन गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, तुमची-आमची एकेकट्याची तक्रार सोडवणं हे ट्रायचं कामच नाही. सुरुवातीला भांडणं मिटवायचा अधिकार होता, तो २००० मध्ये काढून टीडीसॅट नावाच्या वेगळ्या लवादाला दिला. म्हणजे ट्राय नियम करते, कंपन्यांकडून आकडे मागवते, थोडाफार दंड लावते आणि लायसन्स-स्पेक्ट्रम असल्या मोठ्या विषयात सरकारला नुसत्या शिफारशी पाठवते. तुमचं पत्र गेलंच तर ते कंपनीकडे पुढे ढकलतात. त्यामुळे "बॅलन्स कापला, ट्राय झोपलीय का" असं म्हणून एक स्टार देणारे बघितले की मला हसू येतं, किराणा दुकानात जाऊन औषध मागितल्यासारखं आहे ते.

बरं चांगलं पण भरपूर केलंय, ते विसरायला नको. इनकमिंगला पैसे पडायचे ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना विचारा. आमचे मामा फोन वाजला की नंबर बघून कट करायचे आणि मग एसटीडी बूथवर जाऊन उलटा फोन लावायचे, कारण ते स्वस्त पडायचं. फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे ही पद्धत मे २००३ पासून लागू झाली ती ट्रायच्याच नियमाने, त्याआधी एकदा प्रयत्न केला होता तर तो कोर्टात अडकला होता. त्यानंतर मिस्ड कॉलचं जे राज्य आलं, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंग म्हणजे खाली ये, त्यावर तर आमच्या अख्ख्या पिढीची लग्नं जमलीत.

आणि दुसरी पोर्टेबिलिटी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. नोव्हेंबर २०१० ला हरियाणात, २० जानेवारी २०११ ला देशभर, आणि जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच. पोर्ट लिहून स्पेस देऊन आपला नंबर १९०० ला पाठवायचा, आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात दुकानात यायचं, सर्कलमधल्या सर्कलमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या हिशोबातल्या एकाच भागात, तीन वर्किंग डे. दुकानदार म्हणून सांगतो, माझ्यासमोर लोकांची भाषा बदललीय यामुळे. कोड आला रे आला की जुन्या कंपनीतून फोन सुरू होतात, "सर काय प्रॉब्लेम झाला, सर स्पेशल ऑफर देतो," जी कंपनी वर्षभर माणसाशी बोलू देत नव्हती ती एका मेसेजने सर सर करायला लागते. एक गिऱ्हाईक तर दर वर्षी दिवाळीच्या आधी नुसता कोड मागवतं, ऑफर घेतं नि घरी जातं. फक्त बिल थकलेलं असलं किंवा सिम घेऊन ९० दिवस झाले नसले तर कोडच येत नाही, ते आधी बघा. आणि जुलै २०२४ पासून हरवलेलं सिम बदलून घेतलं की सात दिवस पोर्ट होत नाही, लोक माझ्यावर चिडतात पण तो नियम सिम चोरून बँक साफ करणाऱ्यांसाठी आहे आणि बरोबर आहे.

नेटच्या बाबतीतही एकदा छातीठोक उभे राहिले. अमुक वेबसाइट फुकट आणि तमुकला पैसे असला भेदभाव चालणार नाही म्हणून ८ फेब्रुवारी २०१६ ला सरळ बंदी घातली, त्यात फेसबुकचं फ्री बेसिक्स, ठरावीक वेबसाइट फुकट दाखवणारं, ते गेलं. त्याच्या आदल्या वर्षी मात्र याच विषयावर लोकांनी ज्या ईमेल पाठवल्या त्या सगळ्या पत्त्यासकट वेबसाइटवर टाकून मोकळे झाले होते, १० लाखांवर लोकांचे पत्ते उघड्यावर! स्पॅम थांबवायची जबाबदारी ज्याच्याकडे त्यानेच स्पॅमवाल्यांना एवढी मोठी यादी काढून द्यावी, म्हणजे कमाल.

आता रडगाणं. २८ दिवसांचा महिना कुणी शोधला माहीत नाही पण त्याचा हिशोब असा की वर्षात १२ च्या जागी १३ रिचार्ज होतात. मोबाईलचे दर ठरवायचे कंपन्यांनी, ट्राय त्यात सहसा हात घालत नाही, हे त्यांचं जुनं धोरण आहे. पूर्वी डझनभर कंपन्या होत्या तेव्हा हे ठीक होतं, एकमेकींचं बघून दर पाडायच्या. आता तीन खाजगी आणि एक बीएसएनएल उरली, जुलै २०२४ ला तिघींनी दोन दिवसांत पाठोपाठ दर वाढवले तेव्हा शिव्या कुणी खाल्ल्या, मी. २०२२ ला ट्रायने सांगितलं की निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवा. कंपन्यांनी ठेवला की! निदान एक म्हटलंय ना, मग एकच, आणि तो ॲपमध्ये इतका खाली की स्क्रोल करून बोट दुखतं.

तशीच गोष्ट साध्या फोनवाल्यांची. आमच्याकडे शेजारच्या गावातून एक आज्जी येतात, बटणाचा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतात, पिशवीला रबर. दर वेळेला तेच, "बाबा मला नेट नगं, नुसतं पोराचा फोन येऊ दे." आणि दर वेळेला मी त्यांना रोज दीड जीबी विकायचो, दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे. डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम केला की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला प्लॅन द्यावाच लागेल, व्हॅलिडिटी ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत चालेल. मी खूश. जानेवारीत प्लॅन आले, तर एका कंपनीने काय केलं, ८४ दिवसांच्या जुन्या पॅकमधला थोडासा डेटा काढला आणि ४९९ ला विकायला ठेवला. ट्राय म्हटली आम्ही हे प्लॅन तपासतोय, की काही दिवसांत तोच ४६९ ला आला. तीस रुपये उतरले हो, पण आज्जींना ४६९ एकदम काढायला लागतात ते कुठून काढणार, त्या अजून महिन्याचाच मारतात, डेटावाला. एक मात्र कामाचं, वापर न झालेलं सिम ९० दिवस तरी बंद करता येत नाही आणि त्यानंतरही बॅलन्समध्ये २० रुपये असले तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर जिवंत ठेवायचा असतो. हे विचारलं तर कस्टमर केअरवाला "तसं काही नाही सर" म्हणतो, तसं आहे.

स्पॅमवर यांनी जेवढे कागद खर्च केले तेवढे कशावरच नसतील. १९०९ नंबर, डीएनडी म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंदणी, २०१० चे नियम, २०१८ चे नियम, त्यात ब्लॉकचेन म्हणजे सगळ्या कंपन्यांची मिळून डिजिटल नोंदवही आणली, आणि तरी मला रोज प्लॉट घेता का म्हणून फोन. फेब्रुवारी २०२५ मध्ये परत कडक केलं, आता डीएनडी चालू केलेलं नसलं तरी साध्या दहा आकडी नंबरवरून आलेल्या जाहिरातीची तक्रार करता येते, तीन ऐवजी सात दिवसांत केली तरी चालते, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की त्या नंबरवर कारवाई. एक गंमत बघा, मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं, पी म्हणजे जाहिरात, टी म्हणजे व्यवहार, एस म्हणजे सेवा, जी म्हणजे सरकारी. गुरुजींना मी हे कागदावर लिहून दिलंय, ते आता फोन हातात घेऊन वर्ग घेतल्यासारखे सगळ्यांना शिकवतात.

कॉल ड्रॉपला एक रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम २०१५ ला केला होता, मे २०१६ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला, विषय संपला. केबलचं मात्र विसरणार नाही. २०१९ ला १३० रुपयांत १०० चॅनल अधिक जीएसटी, १५३ रुपये ४० पैसे, पुढे आवडीचा चॅनल वेगळा, ग्राहकाला स्वातंत्र्य म्हणे. आमच्या केबलवाल्याने यादी छापून आणली, घरोघरी लोक टिक करत बसलेले परीक्षेसारखे, आणि शेवटी बिल कमी व्हायच्या ऐवजी बऱ्याच जणांचं वाढलं. एक स्टार त्यातच गेला.

नेटवर्कचे नियम ऑगस्ट २०२४ चे नवीन आहेत, जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त रेंज गेली तर भरपाई, नैसर्गिक आपत्ती सोडून. कंपन्यांना वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा पण टाकायला लावलाय, पोर्ट करायच्या आधी मी गिऱ्हाइकाला तोच दाखवतो. आमचं गाव हिरवंगार दिसतं त्यात. खरी रेंज गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ येते.

तक्रार करायचीच असेल तर रस्ता सांगतो, माझ्या आईच्या फोनचा अनुभव आहे. कॉलरट्यून आपोआप चालू झाली, टॉपअपमधून दोनदा ३६-३६ रुपये गेले. २०१३ पासून नियम आहे की असली सेवा चालू करायला ग्राहकाचा दोनदा होकार लागतो, आईने एकदाही दिला नव्हता, तिला कॉलरट्यून म्हणजे काय तेच माहीत नाही. कंपनीचं नाव नको. कस्टमर केअरला फोन केला, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर मागून घेतला, तो मागावा लागतो, दोन दिवसांत मेसेज आला "आपली तक्रार सोडवली आहे," पैसे नाहीत. मग अपील केलं, प्रत्येक कंपनीत अपील ऐकणारा अधिकारी असतो, अपील फुकट असतं, ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो, हे सगळं ट्रायच्याच २०१२ च्या नियमात आहे पण दहातल्या नऊ जणांना माहीत नाही. तिथेही नाही झालं तर दूरसंचार विभागाकडे सरकारी तक्रार पोर्टलवरून जाता येतं, नाहीतर ग्राहक मंच, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मोबाईलच्या तक्रारी तिथे चालतात. मला तिथवर जावं लागलं नाही, अपिलात ७२ रुपये परत आले आणि ट्यून बंद झाली.

आता मामा रागावलेत. म्हणतात ताईला फोन लावला की विठ्ठलाचा अभंग लागायचा, किती बरं वाटायचं, तो कुणी बंद केला?